आवाज बंद करून पाहिलेल्या मालिका

आमच्या नात्यातल्या बायकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. वर्ष संपत आलं की माझी पुण्यातली भाची तिथं हुकूम सोडते, "यंदा आवडलेल्या मालिका लिहा, प्रत्येकीनं पाच." मग सगळ्या तुटून पडतात. मी भांडगावात राहते, रोज संध्याकाळी टीव्ही बघते आणि हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. पण यंदाची यादी मी ग्रुपवर टाकली, तर हिचं डोकं फिरलंय म्हणतील. कारण यंदा मी सगळं आवाज बंद करून पाहिलं, आणि काय चाललंय ते मला सासूबाईंनी सांगितलं. सासूबाईंना ऐकू येत नाही.

आत्याबाईंनी (मी सासूबाईंना आत्याबाईच म्हणते) चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. आमच्या पुढच्याच खोलीत गिरणी होती. त्या धडधडीत आधी त्यांचा एक कान गेला, मग दुसरा. कानाला मशीन आणलं, तर "ह्यात बी गिरणीच ऐकू येती" म्हणून त्यांनी ते डब्यात टाकलं. पण चाळीस वर्षांत त्या एक विद्या शिकल्या. गिरणी चालू असली की ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून दळण घेऊन आलेल्या बाईच्या तोंडाकडं बघून त्या बोलणं ओळखायच्या. गहू बारीक, हरभरा जाडसर. आणि डबा भरेपर्यंत बाई काय गप्प उभी राहते होय? जावेची कागाळी, नवऱ्याचं खूळ, सगळं ओठांवरनं आत्याबाईंच्या पोटात जायचं आणि तिथंच राहायचं.

मुलीचं बारावीचं वर्ष होतं. ती आतल्या खोलीत अभ्यासाला बसायची, म्हणून गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून आम्ही टीव्हीचा आवाज बंद केला. पहिल्या दिवशी माझा जीव नुसता कासावीस झाला. मालिकेत दोन जावा एकमेकींसमोर उभ्या राहून हातवारे करतायत आणि आपण मुक्यानं बघायचं! तेवढ्यात खाटेवरनं आत्याबाई म्हणाल्या, "थोरली म्हनती, कागदावर सही केली न्हाई. खोटं बोलती. केलीया."

"तुम्हाला काय माहीत?" मी हातानं विचारलं.

"सही न केलेली बाई अशी पदराशी खेळती व्हय?"

तीन आठवड्यांनी मालिकेत तो कागद निघाला. थोरलीची सही होती. मी तोंडाला हात लावला. त्यानंतर आवाजाची आठवणच झाली नाही.

लहान मुलांच्या गाण्याची स्पर्धा होती, तीही आम्ही मुक्यानंच पाहिली. आता गाण्याचा कार्यक्रम बिनआवाजाचा म्हणजे बिनमिठाची आमटी. पण आत्याबाई गाणाऱ्या पोरांकडं बघतच नव्हत्या. त्यांचा डोळा मागं बसलेल्या आयांवर. "त्या हिरव्या साडीवालीची मान बघ. पोर चुकलं की हिची मान आत जाती. आज तिचं पोर घरी जानार." गेलं की हो! परीक्षक बोलायच्या आधी आमच्या घरात निकाल लागलेला असायचा. कुठल्या तरी परदेशातली मालिका मराठीत करून दाखवायचे, ती पाहून त्या दोन मिनिटांत म्हणाल्या, "ह्यांची बोली आपली न्हाई. तोंड येगळंच बोलतंय. पर रडतात आपल्यावानीच." आणि समुद्राच्या तळाचा एक कार्यक्रम लागला होता, अंधारात स्वतःचा उजेड घेऊन फिरणाऱ्या माशांचा. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी टीव्हीला हात जोडले. मला हसू आलं, आणि मग आलं नाही. मीही जोडले.

आता जे ग्रुपवर लिहिता येत नाही ते सांगते. त्याच दिवाळीत, पहिल्या आंघोळीला उटणं लावताना माझ्या हाताला छातीत गाठ लागली. हरभऱ्याएवढी. माझी आई ह्याच दुखण्यानं गेली होती, त्यामुळं पाण्याचा तांब्या हातातच राहिला. मी कुणालाही बोलले नाही. नवरा कुरकुंभला कंपनीत, त्याच्या पाळ्या बदलत्या. मुलीची बारावी. फक्त शिरूरच्या बहिणीला सांगितलं, आणि तिला रोज एकच उत्तर देत राहिले, "परीक्षा होऊ दे, मग दाखवते." खरं म्हणजे मी भ्याले होते. दवाखान्यात गेलं की ते खरं होईल, असं मला वाटायचं.

बहिणीशी बोलायला घरात एकच जागा होती, टीव्हीची खोली. आतल्या खोलीत मुलगी, ओट्यावर शेजारणी. टीव्हीच्या खोलीत फक्त आत्याबाई, आणि त्यांना कुठं ऐकू येतं? तरीही मी शहाणपणा करायचे. त्या तोंडावरनं ओळखतात, म्हणून त्यांच्याकडं पाठ करून, लोखंडी कपाटापुढं धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बोलायचे. किती हुशार मी!

परीक्षा संपली. बहीण फोनवर चिडली, "आता कुणाची परीक्षा राहिलीय?" मी म्हटलं, "एवढी लग्नसराईची गडबड होऊ दे." फोन ठेवला आणि घड्या घालत राहिले. टीव्हीवर त्या दोन जावा चालू होत्या.

"गाठ वाढली का गं?" आत्याबाई म्हणाल्या.

मला वाटलं, मालिकेतल्या कुणाचं तरी. वळून बघितलं तर त्या टीव्हीकडं बघत नव्हत्या. त्या कपाटाच्या आरशाकडं बघत होत्या. टीव्हीला लागून कपाट, कपाटाला आरसा, आणि आरशात सबंध माझं तोंड. खाटेवरनं दोन्ही एका नजरेत दिसायचं. सहा महिने मी त्यांच्याकडं पाठ करून, त्यांच्या समोरच बोलत होते.

"कवापासनं ठाऊक?" माझा आवाजच फुटेना. पण त्यांना आवाज कुठं लागतो?

"संक्रांतीपासनं. म्हटलं, आज सांगंल, उद्या सांगंल. पोरीचा अभ्यास हुता, म्हनून मी बी दम धरला. चुकलंच माझं." त्यांचे डोळे भरले होते. "टीव्हीतल्या बायकांचं खोटं धरती म्हनून फुशारकी मारली, आन् घरातल्या बाईला भ्याल्यालं बघत बसले. उद्या दौंडला जायाचं. मी येनार."

मला राग आला. खरंच आला. माझं लपवलेलं कुणी उचकटून बाहेर काढलं म्हणून राग आला, आणि मग त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मी लहान पोरीसारखी रडले. त्यांच्या लुगड्याला अजून पिठाचा वास येतो. गिरणी बंद होऊन दोन वर्षं झाली, तरी येतो.

दौंडच्या दवाखान्यात तपासणी झाली. सुई घालून तुकडा घेतला, आणि आठ दिवसांनी बोलावलं. त्या आठ दिवसांत टीव्ही लावलाच नाही. निकालाच्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. समोर मोठी काच, काचेपलीकडं डॉक्टर. माझा नंबर यायचा होता. मी खाली फरशीकडं बघत होते. आत्याबाईंनी मात्र चपला काढून बाकावर मांडी घातली, खाटेवर घालतात तशी, आणि काचेकडं बघायला लागल्या.

आत नर्सनं एक पाकीट डॉक्टरांच्या हातात दिलं. ते आमच्याकडं पाठ करून वाचायला लागले.

"वळ की रे मुडद्या," आत्याबाई पुटपुटल्या. शेजारचा माणूस दचकून बघायला लागला. त्यांनी माझा हात धरला होता. चाळीस वर्षं पोती उचललेला हात, त्यात माझी बोटं दुखायला लागली.

डॉक्टर वळले. नर्सशी काहीतरी बोलले. अर्धा मिनिट असेल. मी काचेकडं नाही, आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत होते.

"साधी हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुझं नाव घेतलं, आन् साधी गाठ हाय म्हनला. 'त्या वाईट दुखण्यातली न्हाई.' आन् म्हनला, 'त्यांना बोलवा, बिचाऱ्या भ्याल्या असतील.'"

"नीट बघितलं का? आत्याबाई, नीट बघितलं ना?" मी त्यांना गदागदा हलवत होते.

त्यांना माझा खरंच राग आला. "चाळीस वर्सांत कुनी ज्वारी मागितली आन् बाजरी दळली, असं झालंय का एकदा तरी?"

नाही झालं. उभ्या गावाला विचारा, एकदाही नाही झालं. मी तिथंच बाकावर पदरात तोंड घालून बसले. आणि त्याही वेळी मला नवल वाटत होतं. जगातले सगळे आवाज बंद झालेल्या ह्या बाईला काचेपलीकडनं माझा जीव ऐकू आला होता.

नर्सनं दारातनं माझं नाव पुकारलं. आत्याबाईंना ते कळलं नाही, मीच त्यांना हाताला धरून आत नेलं. डॉक्टरांनी समोर बसवलं आणि सावकाश सगळं सांगितलं, अगदी तेच. मी आत्याबाईंकडं वळून बघितलं. डॉक्टरांच्या ओठांकडं त्यांचं लक्षच नव्हतं. त्या पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडं बघत होत्या.