नकाशातला मतलबी वारा

गेल्या रविवारी रत्नागिरीजवळ, पालीच्या अलीकडे आमच्या गावी काकांकडे गेले होते. निमित्त मुक्ताचं. मुक्ता म्हणजे काकांची नात, पुण्यात हवामानशास्त्र शिकते, चार दिवस सुट्टीवर आली होती.

पण खरं सांगायचं तर मी कलमं बघायला गेले होते. बुधवारी ती तोडायला माणसं येणार होती...

आमच्याकडे हापूसच्या झाडाला झाड म्हणत नाहीत, कलम म्हणतात. ही सगळी बाबांनी आणि काकांनी मिळून लावलेली. काही वर कातळावर सुरुंगाने खड्डे करून, काही खाली पऱ्याकडच्या खोलगटात. पऱ्या म्हणजे ओढा. बाबा गेल्यापासून काका एकटेच बघतात.

गेली काही वर्षं थंडी धड पडत नाही, मोहोर रखडतो. त्यात काकांना कोणीतरी व्हॉट्सॲपवर जगाचा एक नकाशा पाठवला. पुढच्या काळात किती तापणार ते दाखवणारा, अख्खी किनारपट्टी एकसारखी लाल. तो बघून काकांनी ठरवून टाकलं... सगळी कलमं काढायची, काजू लावायचा. मला फोनवर सांगताना त्यांचा आवाज इतका शांत होता की मला वाद घालवेना.

जेवणं झाल्यावर मुक्ताने ओटीवर लॅपटॉप उघडला. म्हणाली, "आजोबा, तुमचा तो नकाशा जागतिक मॉडेलचा. त्यात पृथ्वीचे मोठे मोठे चौकोन करतात आणि एका चौकोनाला एकच हवा देतात. हा बघा आपला. ह्यात रत्नागिरी आहे आणि कोल्हापूरही."

काकी आतून ओरडल्या, "म्हणजे तांबडा रस्सा नि आपली सोलकढी एकाच ताटात?"

काकांना मात्र हसू आलं नाही. "आणि मधला आंबा घाट? तो कुणी सपाट केलान गो?"

"सपाट नाही, पण नुसता चढ झालाय. एवढ्या मोठ्या चौकोनात घाट मावत नाही." मग तिने दुसरा नकाशा काढला, प्रादेशिक मॉडेलचा. ते जगाच्या मॉडेलकडूनच आकडे घेतं, पण आपल्या भागाचे बारीक चौकोन करून पुन्हा हिशोब मांडतं. आता किनारा वेगळा दिसत होता, घाट वेगळा, मधल्या दऱ्यासुद्धा थोड्या थोड्या. लाल रंगाच्याही कितीतरी छटा झाल्या होत्या.

तिने हिवाळ्यातला एक दिवस चालू केला. वाऱ्याचे छोटे छोटे बाण. दुपारी ते समुद्राकडून आत शिरले, रात्री मंदावले... आणि पहाटे हळूहळू वळून घाटाकडून समुद्राकडे निघाले.

काका खुर्चीतून पुढे वाकले. "अरे... हा तर मतलबी!"

मुक्ता गोंधळली. "कोण मतलबी?"

मग मीच तिला सांगितलं.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते. मतलई म्हणजे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. मी बाबांसमोर धडा मोठ्याने वाचताना 'मतलबी वारे' असं ठणकावून वाचलं होतं. बाबा आणि काका पोट धरून हसले. तेव्हापासून घरात त्याचं नाव तेच पडलं.

थंडीत बाबा पहाटे हाक मारायचे, "ऊठ बाय, तुझा मतलबी आलाय." मी गोधडी गुंडाळून अंगणात यायची. घाटाकडून तो गार वारा यायचा, बाबा कलमांकडे बघत उभे असायचे. "बघ, मोहोरापुरता येतो आणि ऊन पडलं की पसार. मतलबीच तो!" त्या थंडीवर मोहोर ठरायचा, हे मला फार नंतर कळलं.

काकांनी मुक्ताला एकच विचारलं. "ह्यापुढे येईल ना गो हा?"

तिने उगाच धीर दिला नाही, हे मला आवडलं. "येईल आजोबा. पण पूर्वीइतका गार नसेल. आणि बारीक दिसतं म्हणजे बरोबरच असतं असं नाही. जगाचं मॉडेल चुकलं तर हेही चुकतं. म्हणून आम्ही आधी मागच्या वर्षांच्या नोंदींशी ताडून बघतो."

"मग वरचा कातळ आणि पऱ्याकडचा खोलगट, ह्यात वेगळे आहेत?"

"नाही हो. ते दोन्ही माझ्या एकाच चौकोनात."

"म्हणजे तूही आम्हाला एकाच ताटात वाढलंस!" आता काका हसले. बऱ्याच दिवसांनी.

चहा झाल्यावर ते एकटेच बागेत जाऊन आले. परत आले ते फोन कानाला लावूनच. "बुधवारी या, पण फक्त कातळावरची काढायची. तिथं काजू लावतो. पऱ्याकडे गारवा साठतो, तिथल्या एकाही कलमाला हात लावायचा नाही."

परत येताना बसमध्ये स्वतःलाच विचारत होते... मला बरं वाटलं ते बारीक नकाशात जास्त खरं दिसलं म्हणून, की त्यात बाबांचा वारा दिसला म्हणून? प्रामाणिक उत्तर दुसरं आहे, बाबांचा वारा. बातमी तर दोन्ही नकाशांची तापण्याचीच होती. पण त्या मोठ्या लाल चौकोनाकडे बघून काकांनी सगळंच सोडून दिलं होतं. ह्या नकाशात त्यांना आपला घाट दिसला, आपला वारा दिसला, आणि मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

मुक्ता, तुझे आभार. जानेवारीत काकांकडे मुक्कामाला जाणार आहे. पहाटे मला कोणी हाक मारणार नाही आता... पण मी उठेन. तो किती गार आहे ते अंगणात उभं राहून बघायचंय.