हात कोणी धरला नव्हता

फिर्याद वाचून दाखवल्यावर आरोपीचाच चेहरा उतरला, असं माझ्या नोकरीत एकदाच घडलं. म्हणून ते प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. अशा गुन्ह्यात फिर्यादीचं नाव उघड करायला कायद्यानेच मनाई आहे, आणि बाकीच्यांच्या नावांवाचून तुमचं काही अडणार नाही.

मी तेव्हा भोपाळला, गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो. वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इकडे आले. शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये मी वाढलो. घरात मराठी आणि ठाण्यात हिंदी, असंच आयुष्य गेलं. एका दुपारी तिशीतली एक बाई नवऱ्याबरोबर आली. माझ्या टेबलावरची पाटी तिने वाचली आणि म्हणाली, "सर, तुम्ही मराठी ना? मग मी मराठीतच सांगते. नीट सांगता येईल." रुमालात गुंडाळलेला एक मोबाइल तिने समोर ठेवला. त्याचा एक कोपरा फुटलेला होता.

ती एका लहान कारखान्यात तयार मालाची तपासणी करायची. पाळी सुटली की बायका एका खोलीत युनिफॉर्म बदलून आपले कपडे घालत. त्या दिवशी झरोक्याच्या फळीवर तिला एक खोका दिसला, आणि खोक्याला एक भोक. दोषच शोधायची सवय असलेली बाई. स्टुलावर चढून तिने खोका उचलला. मागे हा फोन, आणि त्यावर व्हिडिओ कॉल चालू. तिने हातात घेताच पलीकडून कॉल तुटला.

अशा तक्रारीत जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. आमच्या महिला उपनिरीक्षकांनी तो घेतला आणि कागद मुंशीजींकडे गेला. मुंशीजी म्हणजे ठाण्याचं लिखाण सांभाळणारे हेड कॉन्स्टेबल. वयाने माझ्याहून मोठे, कीबोर्डवर बोटं चालायला लागली की थांबणं नाही. थोड्या वेळाने बाहेरून तिचा आवाज चढलेला ऐकू आला. मी बाहेर गेलो.

मुंशीजींनी एक ओळ आपल्या पदरची घातली होती: "बुरी नीयत से मेरा हाथ पकड़ा."

आमच्याकडच्या ठाण्यांत ही ओळ जुनी. बाईची तक्रार आली की बोटं आपोआप ती लिहीत. यात वाईट हेतू नसे, उलट दयाच असे. मुंशीजींचं म्हणणं सरळ होतं: "सर, हाथ नहीं पकड़ा तो धारा कौन सी लगेगी? बेचारी का केस दो दिन नहीं टिकेगा."

नवऱ्यालाही ते पटत होतं. बिचारा घाबरलेला होता. "अगं, कर ना सही. केस टिकायला पाहिजे. नाही टिकली तर नोकरी जाईल आणि खोटारडी म्हणतील ते वेगळंच."

"खोटं लिहिलं तर खोटारडीच होईन ना मी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सर, माझा हात कोणी धरला नाही. जे झालं ते कमी आहे का? त्यात भर कशाला घालायची?"

मी कायद्याचं पुस्तक मागवलं. कलम लावण्यापूर्वी ते पुन्हा एकदा वाचायची मला खोड होती. माझे सहकारी त्यावरून माझी भरपूर थट्टा करत. विनयभंगाच्या कलमाला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, तेवढं मुंशीजींचं बरोबर होतं. पण पुढे ३५४-सी होतं, नव्या संहितेत त्याचं आता ७७ झालं आहे. मी एकेक शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचत गेलो. बाई खासगी कृतीत असताना, आपल्याला कोणी पाहत नाही असं तिने गृहीत धरावं अशा जागी, जो पुरुष तिला पाहील किंवा तिचं चित्र टिपेल. तिथे मी थांबलो. पाहील *किंवा* टिपेल. स्पर्शाचा उल्लेख कुठेच नाही, आणि रेकॉर्डिंग असलंच पाहिजे असंही नाही. नुसतं पाहणं पुरे.

मुंशीजींनी चष्मा काढला. "देखना भी जुर्म है, सर? फिर तो आधा शहर अंदर।"

"सड़क पर नहीं, मुंशीजी। बंद कमरे में। जगह कौन सी है, पहले वो देखना है।"

त्यांनी ओळ खोडली. बाईने सगळं पुन्हा वाचलं आणि सही केली. नवरा मात्र शेवटपर्यंत मान हलवत होता.

आता पाहणारा कोण? फोनमध्ये एकही रेकॉर्डिंग सापडलं नाही. पलीकडचा नंबर एका परगावच्या माणसाच्या नावावर होता, आणि त्या माणसाला आपल्या नावावर सिम आहे हेच ठाऊक नव्हतं. चार दिवस आम्ही हवेत काठ्या मारत होतो. मग ठाण्याच्या लँडलाइनवर एका बाईचा फोन आला. आवाज दबलेला. "उस मोबाइल का कोना टूटा है न? हमारे शिफ्ट इन्चार्ज साहब का पुराना है। मैं भी वहीं काम करती थी।" नोकरी का सोडली, असं मी विचारलं. तिने फोन ठेवला. मला त्या न दिलेल्या उत्तराचा फार राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

शिफ्ट इन्चार्जला नोटीस काढली. गडी हजर झाला तो इस्त्रीच्या शर्टात, हसतमुख. पंधरा-वीस वर्षं माणसं बघून एक कळलं होतं, की निर्दोष माणूस ठाण्यात आल्यावर गोंधळलेला असतो. तयारी करून येतो तो वेगळा. मी त्याला चहा दिला. तो फोन आपलाच जुना, हे त्याने लगेच कबूल केलं. "खराब हो गया था, दराज में पड़ा था। कोई भी उठा ले। और उसमें कुछ मिला क्या, सर?"

"नहीं मिला."

त्यावर तो आणखी सैलावला. खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्याने माझ्यापुढे सरकवला. "सर, मुझे पता है रिपोर्ट में क्या लिखा होगा। हाथ पकड़ा, यही न? ये मेरे केबिन का कैमरा है। शिफ्ट छूटने के पूरे टाइम मैं कुर्सी से हिला तक नहीं।"

मी पेन ड्राइव्ह हातात घेतला. अशा गुन्ह्यांची फिर्याद पोलिसांच्या वेबसाइटवर टाकत नाहीत, त्यामुळे ती त्याने पाहिलेली नव्हती. पण आमच्या ठाण्यांची ती जुनी ओळ त्याला, त्याच्या सल्लागारांना, सगळ्या पट्ट्याला पाठ होती. त्याने बचाव रचला तो त्या ओळीविरुद्ध.

पेन ड्राइव्ह लावला. इन्चार्ज खरोखरच खुर्चीत होता. टेबलावर एक फोन पडलेला, आणि हातात दुसराच. चेहरा त्या दुसऱ्यात खुपसलेला. माणसं दारात येत होती, याची मान वर होत नव्हती. मग एकदम तो दचकला, फोन खिशात कोंबला आणि दाराकडे बघत बसला. मी रुमालातल्या फोनवरची कॉलची नोंद काढली. कॉल लागला तेव्हा याने दुसरा फोन हातात घेतला होता, आणि तुटला तेव्हा खिशात कोंबला होता.

मग मुंशीजींना बोलावून मी त्याला फिर्याद वाचून दाखवायला लावली. हाताचा उल्लेख येईल म्हणून तो शेवटपर्यंत वाट बघत होता. तो उल्लेख आलाच नाही. तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण काय आणून दिलं आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. केबिनच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ज्यात साठतं तो मूळ डीव्हीआर आम्ही पंचांसमक्ष जप्त केला. तो दुसरा फोन त्याच्या स्कूटरच्या डिकीत सापडला, त्याच परगावच्या सिमसकट.

पुढे कोर्टात बचावाच्या वकिलांनी तिला विचारलं, "क्या इन्होंने आपको छुआ था?"

"जी नहीं."

"कभी भी?"

"कभी नहीं."

वकील हसून न्यायाधीशांकडे वळले, की आता आणखी काय हवं. न्यायाधीश खाली मान घालून लिहीत राहिले. मागच्या बाकावर नवरा होता, तो या खेपेला मान हलवत नव्हता. ती ओळ फिर्यादीत असती, तर त्या दोन 'नहीं'मध्ये तिचा खटला संपला असता, नोकरी गेली असती आणि कपाळावर खोटेपणाचा शिक्का बसला असता. त्याला शिक्षा झाली. ती अजून तिथेच माल तपासते.

निवृत्त झाल्यावरही कायद्याचं पुस्तक चाळायची खोड सुटलेली नाही. प्रत्येक व्याख्या कुणाच्या तरी सोसण्याच्या मापाने शिवलेली असते, असं मला आता वाटतं. एकीचा कपडा दुसरीला घालायला गेलं की फाटतो. मुंशीजी माझ्या आधी निवृत्त झाले. पण त्या खटल्यानंतर कुणी बाई तक्रार घेऊन आली, की ते कीबोर्ड बाजूला सारत, हात मांडीवर ठेवत आणि म्हणत, "बेटा, जितना हुआ, उतना बताओ। उतना बहुत है।"