कॅसेटच्या सुरुवातीचं बोलणं

माझ्या भावजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, वाचक 'शुद्धिपत्र' म्हणायचे. घरगुती कॉम्प्युटरच्या हौशी लोकांसाठी ते एक मासिक चालवत आणि मागच्या अंकातल्या चुका पुढच्या अंकात पहिल्याच पानावर छापत, तेही कुणाच्या लक्षात येण्याआधी. माणूस सरळ. त्यांच्याशी गप्पा मारणं मात्र शिक्षा होती, कारण तुम्ही सांगितलेला विनोदसुद्धा ते तपासून घेत.

तेव्हा मासिकात प्रोग्रॅमच छापून यायचे आणि वाचक ते घरी बसून ओळीन् ओळ टाइप करायचे. एक स्वल्पविराम चुकला की मशीन ढिम्म. म्हणून छापण्याआधी भावजी प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः टाइप करून बघत. मागच्या खोलीत ताई वाचून दाखवायची आणि ते बडवत सुटायचे. चालला की तो गाण्यांच्या साध्या कॅसेटवर साठवायचा. कॅसेटवर प्रोग्रॅम आवाज होऊन साठतो, वाजवला तर नुसता किंचाळतो, कुठला कोणता ते कानाला कळत नाही. त्यामुळे आधी माइकमध्ये त्याचं नाव बोलायचं आणि मग मशीनची वायर जोडायची, अशी त्यांची रीत होती. नाव ताई बोलायची. तिला सवड नसली तर मासिकाची टायपिस्ट.

पुढे दुकानात तयार खेळ मिळायला लागले, मग बोटं झिजवायला कोण बसतंय? मासिक बंद पडलं आणि भावजी एका छापखान्यात मुद्रितं तपासायला जाऊ लागले. त्याच सुमारास ताईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला तो गेलाच. भाची तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिला आठवते ती टाळी वाजवून हाक मारणारी आई.

निवृत्त झाल्यावर भावजींनी सगळ्या कॅसेट नव्या कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. टेपा खराब होत चालल्या होत्या, प्रोग्रॅम वाचले पाहिजेत, हे त्यांनी डोक्यात घेतलं होतं. सुरुवातीच्या बोलण्याने कॉम्प्युटरचा गोंधळ उडायचा, म्हणून ते तेवढं कापून टाकत. त्यांच्या लेखी तो कचरा. उतरवलेल्या कॅसेट भंगारात गेल्या. ताई शेजारी बसून एकेकीचं नाव कागदावर लिहून देत होती. तिने त्यांना का थांबवलं नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. मला राग येतो, आणि नक्की कुणाचा ते ठरत नाही.

या वर्षी ताई गेली. घरात कुणी रडलं नाही. घर शांत होतंच, ते तसंच राहिलं. भावजी एक जुना कीबोर्ड उघडून बसले, मी खिडकीच्या काचा पुसल्या. वाईट वाटायला हवं होतं, पण आत काही हलतच नव्हतं.

मग एका सकाळी भाचीने विचारलं, "बाबा, आईचा आवाज कुठे असेल का हो? मला एकदाच ऐकायचाय."

भावजींनी तिला शांतपणे सांगितलं, काय होतं आणि कसं कापलं. सांगता सांगताच त्यांना ते पहिल्यांदा उमगलं असावं, कारण वाक्य अर्धवट सोडून ते उठले आणि कपाटं उपसायला लागले. चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

तळाशी एक कॅसेट निघाली, 'खराब' असं लिहिलेली. ती मशीनला वाचताच आली नव्हती, म्हणून उतरवली गेली नव्हती. न सुधारलेली गोष्ट टाकून देणं भावजींच्या स्वभावात नाही. या वेळी त्यांनी ती साध्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली. टेप ताणली गेली होती, आवाज जड आणि संथ येत होता. "चंद्रावर उतरा, दुसरी प्रत," एक बाई म्हणाली. "थांबा हं, अजून चालू करू नका." पुढे किंचाळणं.

"ही आई?" भाचीने विचारलं.

भावजींनी टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली, मग पुन्हा. "टायपिस्टही असू शकेल," ते म्हणाले. "मला नक्की सांगता येत नाही."

तिच्यासोबत उभा जन्म संसार केलेला माणूस हे बोलला आणि त्याचा आवाज जराही हलला नाही. मामाला विचार, तो तिच्याबरोबर वाढलाय, असं त्यांनी भाचीला सांगितलं, आणि दोघं माझ्याकडे बघायला लागली.

मी पुन्हा टेप लावायला सांगितली. लहानपणभर मी ताईच्या हाका ऐकल्या होत्या. आता त्या बाईचं बोलणं मी जिवाचा कान करून ऐकलं आणि मला काही म्हणजे काही ओळखू आलं नाही.

"ताईच आहे," मी म्हणालो.

भाचीने मान हलवली. रेकॉर्डर मांडीवर घेऊन ती ते वाक्य लावत राहिली आणि हळूहळू त्याच्यासोबत बोलू लागली, त्याच जड, संथ आवाजात. भावजींनी मला काही विचारलं नाही.