तबकडीतली बाई मीच

माझ्या आवाजावर त्यांनी गोमूत्र शिंपडलं.

तबकडी फिरत होती, भोंग्यातून मी बोलत होते आणि थोरल्या काकींनी तांब्यात आंब्याचा डहाळा बुडवून मशीनवर झटकला. एकदा. मग परत एकदा, जोरात. चर्र झालं. ठिणगी उडाली. करपलेल्या रबराचा वास सुटला आणि भोंगा मुका झाला. माझं वाक्य अर्धंच राहिलं.

मी मांडवाच्या बाहेर लाकडं रचत होते. लग्न आबांच्या लेकीचं. आबा म्हणजे उंब्रजच्या बाजूचे मोठे बागायतदार, थोरल्या काकी म्हणजे त्यांच्या आई. मी आणि माझा नवरा त्यांच्या उसात कामाला. आमची राहायची खोपही त्यांच्याच बांधावर. लग्नात आमच्या वाट्याला जेवणाच्या चुलवणाची लाकडं आली. मांडवात पाय टाकायचा नव्हता.

जरा आधी सगळा मांडव हसत होता. कराडचा स्पीकरवाला माझी तबकडी लावून बसला होता. त्यात मी दुष्काळी कामावरच्या मुकादमाची टर उडवली होती.

मुकादम म्हनतो हाना हाना,
सोताची मान बी उचलंना,
आंब्याखाली पसरलं धूड,
घोरनं त्याचं दगडाहून जड!

बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. पलूसकडनं आलेलं वऱ्हाड टाळ्या देत होतं. थोरल्या काकीही हसल्या. मी बघितलं ते. त्यांनी विचारलं, "कोन गं ही भवानी? लय फटकळ हाय."

गावातलीच एक बाई म्हणाली, "आवं, ती काय भायेर लाकडं रचतीया. तुमच्याच उसातली."

काकींचं हसू तिथंच थांबलं. "आरं द्येवा. द्येवकापाशी?"

स्पीकरवाल्यानं मशीन मुहूर्तमेढीच्या बुडाशी ठेवलं होतं. सावली तेवढीच होती. त्या मेढीलाच देवक बांधलं होतं. मी बाहेर आणि माझा आवाज देवकाच्या शेजारी. विटाळ झाला. विटाळावर त्यांना ठाऊक असलेला एकच इलाज त्यांनी केला. चालू मशीनवर ओलं पडलं तर काय होतं, ते कुणाला सुचलंच नाही. स्पीकरवाला "आवं काकी, आवं काकी" करत राहिला. मंगलाष्टकांचा माइकही त्याच मशीनवर होता. लग्न मुकं झालं.

ती तबकडी कशी झाली ते सांगते.

दुष्काळात आम्ही सगळे रस्त्याच्या कामावर होतो. बायका खडी फोडायच्या. हातोडा पडायचा त्या ठेक्यावर मी बोलायचे. गायचे नाही, बोलायचे. भरभर, श्वास न घेता, शेवटाला शेवट जुळवून. मुकादमावर, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीतल्या किड्यांवर, पाण्याच्या घागरीवर. घागर एकच होती आणि आम्हाला वरनं ओतायचे. बायका म्हणायच्या, "बोल गं, हात चालंनात." आता पोरं अशा बोलण्याला रॅप म्हणतात. तेव्हा त्याला नाव नव्हतं. तोंडाळपणा म्हणायचे.

मी आमच्या शाहिरी जलशात झील धरायला उभी राहायचे. झीलकऱ्यानं मागं उभं राहायचं आणि शाहिराची ओळ उचलून धरायची. माझा नवरा हलगी वाजवायचा. गावकीची हलगी आमच्या माणसांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर टाकून दिली होती. ही जलशाची, स्वतःच्या मर्जीची. एका जयंतीला सांगलीत शाहिरांचा घसा बसला, तेव्हा मी पुढं झाले आणि घागरीचं बोलले. तिथं मुंबईच्या तबकडीच्या कंपनीचा माणूस होता. त्यानं आम्हा दोघांना बोलावलं. शाहीर म्हणाले, "झीलवाली म्होरं आली, आता जलशाचं काय खरं न्हाई." माझा नवरा त्यांना म्हणाला, "म्होरं आली तर आली. तुमी धरा झील."

असा होता तो. हे लक्षात ठेवा.

मुंबईत आम्हाला गार खोलीत उभं केलं. साहेबानं विचारलं, "बाई, चाल कुठली?"

"चाल न्हाई. हातुडा हाय."

तो हसला. मग बांगड्या काढायला लावल्या, आवाज येतो म्हणून. त्या काढल्या. पण हलगी वाजेना. गारव्यानं कातडं ढिलं पडलं, नुसतं भदभद. हलगी शेकावी लागते, आणि त्या खोलीत काडी पेटवायची बंदी. माझा नवरा हलगी घेऊन जिना उतरला, खालच्या चहावाल्याच्या शेगडीवर ती शेकली आणि तापलेली छातीशी धरून पळत वर आला. ती गार पडायच्या आत मी बोलायचं. मध्ये चुकलं की तो परत खाली. घामानं निथळत होता. शेवटी चहावाला वैतागून म्हणाला, "गड्या, चहा कवा करू मी?" दिवसभर असं चाललं. एका बाजूला मुकादम, दुसऱ्या बाजूला घागर.

घागर तुमची, तहान माझी,
वरनं वतता, वंजळ धरती,
पानी पिती का भीक खाती?
दगुड फुटला, हात न्हाई फुटला,
वतल्याबिगर पिनार हाय!

तबकडीवर माझं एकटीचं नाव छापून आलं. मागं झील नाही, पुढं शाहीर नाही. वस्तीत ती वाजली तेव्हा खडी फोडणाऱ्या बायका आल्या. एकीनं भोंग्याला कानच लावला. म्हणाली, "हितं बसलीस व्हय गं." शहरातले शिकलेले लोक म्हणाले, हे गाणं नाही, हे भांडण आहे. बरोबर म्हणाले.

आमच्याकडं मशीन नव्हतं. मला मिळालेली एकुलती तबकडी मी कराडच्या त्या स्पीकरवाल्याकडं देऊन ठेवली. त्यानं कुठं वाजवली आणि मी आसपास असले, तर मलाही ऐकायला मिळावी म्हणून. आबांच्या मांडवात वाजली ती हीच.

तर, लग्न मुकं झालं. वऱ्हाडात कुजबुज लागली. अपशकुन म्हणाले. नवऱ्या मुलाचा मामा उठून उभा राहिला, "आसल्या मांडवात आमी अक्षता टाकायच्या का?" आबा तरातरा बाहेर आले. त्यांच्या हातात माझी तबकडी होती.

"पावन्यांम्होरं सांग. ही तू न्हाईस. कोन दुसरी बाई हाय, मुंबैची. मंजी मांडव बाटला न्हाई."

मी म्हणाले, "आबा, ही मीच हाय."

"आगं म्हाईत हाय मला! सांगायचं एवढंच म्हनतोय. न्हाईतर उद्या उसात पाय ठिवायचा न्हाई. खोप बी उचला."

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो कुऱ्हाड घेऊन उभा होता. मला वाटलं, आता हा बोलेल. शाहिरांना बोलला होता तसं.

तो बोलला. कुऱ्हाड खाली ठेवली, हात जोडले आणि मांडवाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "न्हाई जी. ती आमची न्हाई. हिला कुठलं येतंय बोलाय? हिला सई करताना घाम फुटतोय." आणि हसला. पाहुण्यांनी हसावं म्हणून हसला. पाहुणे हसले.

गोमूत्राचं मला एवढं लागलं नव्हतं. ते लोक तसेच होते. पण हा माणूस तापलेली हलगी छातीशी धरून जिने चढला होता. माझा प्रत्येक शब्द त्याला पाठ होता. त्यानंच मला पुसून टाकलं. भीती होती त्याला, खोपीची, पोटाची. मला ती नव्हती का?

हळूच म्हणाला, "चल गं. झालं. मिटलं."

मिटलं नव्हतं. मी लाकडं टाकली आणि मांडवाच्या दोरीपाशी गेले. आत गेले नाही. तिथूनच बोलले, जेवढा आवाज होता तेवढा काढून. "त्यो खोटं बोलतोय. तबकडीतली बाई मीच. बौद्धाची. तुमी हसला ते माझ्या बोलन्यावर. आता शिंपडायचं आसंल तर माझ्यावर शिंपडा. मशीननं काय केलंय?"

कुणी शिंपडलं नाही. आबांनी तबकडी गुडघ्यावर आपटली. ती मोडेना, नुसती वाकायची. मग त्यांनी ती चुलवणात टाकली. मीच रचलेल्या लाकडांवर. पापड आकसावा तशी ती आकसली. काळा धूर निघाला. आचारी म्हणाला, "आवं आबा, भाताला वास लागंल." मामा शांत झाला, खाली बसला. अक्षता माइकशिवाय पडल्या.

दुसऱ्या दिवशी खोप उचलली. नवरा म्हणाला, "तोंड गप ऱ्हायलं आसतं तर?" मी म्हणाले, "तुझं ऱ्हायलं का?" त्यानंतर तो फारसं बोलला नाही. हलगी कधी शेकली नाही त्यानं. भिंतीला लटकली, कातडं तडकलं, उंदरांनी खाल्लं. मी कराडात बांधकामावर पाट्या वाहिल्या. संसार केला, पोरी वाढवल्या. त्याचं आजारपण काढलं, शेवटचं पाणीही मीच पाजलं. पोरी विचारतात, "आई, माफ केलंस का बाबाला?" नाही केलं. त्याला जेवायला घातलं. माफी ही दुसरी गोष्ट आहे.

स्पीकरवाल्यांनी माझी तबकडी ठेवणं सोडून दिलं. शुभकार्याला चालत नाही म्हणाले. कंपनीनं परत बोलावलं नाही. कुणाकडं ती असेल असं वाटत नाही. मी पुष्कळ विचारून पाहिलं.

रडून झालं तेव्हाच. आता ते दुष्काळातलं बोलणं कुठं कुणी म्हणून दाखवलं, की लोक म्हणतात, कुणाचं आहे कोण जाणे, जुनं लोकांचं असेल. मी बसले असेन तिथून उठते आणि सांगते, माझं आहे. नातेवाइकांचा कार्यक्रम असो की पुढाऱ्याचा. पोरींना लाज वाटते, गुडघे दुखतात, तरी उठते. गप्प बसून मिळणारी भाकरी मी त्या लग्नाच्या दिवशी सोडली. ती परत घेणार नाही. आणि माझ्या वतीनं दुसऱ्या कुणाला बोलू देणार नाही. घरच्या माणसाला तर मुळीच नाही.

हे मी ऐकलेलं नाही. हे माझ्यावर गुजरलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, खडी फोडलेली बौद्धाची बाई.