टोपवालीची गौर

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचाल. मला टक्कल नाही. टायफॉइड झाला नव्हता, कसलं औषध चालू नाही, कुठल्या देवाला केस बोललेले नाहीत. माझे स्वतःचे केस आहेत, खांद्यापर्यंत, बरे आहेत. तरी मी टोप लावते, कधी क्लिपांचे लांब केस लावते, कारण मला आवडतं. झालं. एवढंच कारण आहे आणि एवढं कारण कुणालाच पुरत नाही.

महाडला एका चष्म्याच्या दुकानात मी काउंटरला असते. आमचं गाव पोलादपूरच्या पुढे, रोज एसटीने ये-जा. दुकानात दिवसभर लोक आरशासमोर बसून तोंड बदलून बघतात. गोल फ्रेम, चौकोनी फ्रेम, ही लावून मास्तर दिसतो का, ती लावून बारीक दिसते का. काही जणांना तर नंबरच नसतो, नुसती स्टाईल म्हणून घेतात. त्यांना कुणी विचारत नाही की बाबा, डोळे गेले का तुझे? मला मात्र एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा हळूच विचारते, "काय झालेलं गो?" इतक्या मायेने विचारते की मलाच वाटायला लागतं, काहीतरी सांगावं बिचारीला.

माझ्याकडे तीन आहेत. एक तांबूस बॉब, हनुवटीपर्यंत, पुढे सरळ कापलेला. एक जांभळ्या बटा, त्या फक्त वाढदिवसाला वगैरे. आणि एक लांब काळे, कमरेपर्यंत, खऱ्या केसांचे, क्लिपांनी लावायचे. ते माझे सगळ्यात लाडके. माझ्या केसांत असे मिसळतात की मलाच आरशात वळून परत बघावंसं वाटतं.

गावात माझं नाव पडलं टोपवाली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरी येऊन रडले, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस फोनवर माझ्या नावाच्या जागी तेच टाकलं. टोपवाली. आता कोण काय चिडवणार?

तर गौरीची गोष्ट.

आमचा गणपती मोठ्या काकींच्या घरी असतो, आमचं घर त्याला लागूनच. आणि आमच्यात गौर आणायची घरातल्या लग्न न झालेल्या मुलीने. पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर जायचं, तेरड्याची रोपं पुजायची, सुपात घेऊन यायची. इतकी वर्षं काकींची मुलगी आणायची आणि मी मागून घंटा वाजवत चालायचे. सहा वर्षांची असल्यापासून! घंटा वाजवून वाजवून हात दुखायचे आणि डोळे सगळे तिच्या सुपावर. यंदा ताईचं लग्न झालं, ती सासरी, तिथे तिची वेगळी गौर. म्हणजे पाळी माझी. मी दुकानात महिनाभर आधी सुट्टी सांगून ठेवली होती. साडी ठरलेली, बांगड्या ठरलेल्या, आणि केस अर्थात ठरलेले. तांबूस बॉब.

दुपारी नटून काकींच्या ओटीवर गेले. काकी तांदूळ निवडत होत्या. वर बघितलं, परत खाली बघितलं.

"ते डोक्यावरचं काढ, मग सुपाला हात लाव."

"का?"

"का म्हंजे? गौरीम्होरं खोटं चालत नाय."

आता हे मी बोलायला नको होतं, मला माहीत आहे. पण तोंडातून निघून गेलं. "मग तुमची कवळी पण काढून ठेवा ना काकी."

आईने मागून असा चिमटा काढला की अजून निळं आहे.

काकी बिचकणाऱ्यातल्या नाहीत. "कवळी खायाला लागते. हे कशाला लागतं? आन कुठल्या मेलेल्या बाईचं केस ते, कुणाला ठावं."

"हा नायलॉनचा आहे, यात बाईच नाही. आणि मेलेली कशाला असायला हवी? तुमच्या पडवीत वाशाला पिशवी लटकतेय बघा, विंचरलेल्या केसांची. भांडीवाली आली की त्यावर वाटी घेता की नाही? ती काय ते केस चुलीत घालते? कुणाच्या तरी डोक्यावरच जातात ना? मग तुम्ही काय मेलात काकी?"

"जीभ बघा कार्टीची!" आई म्हणाली. पण पदराआड हसली, मी बघितलं.

काकी नाही हसल्या. तांदळाचं ताट बाजूला ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बरं. तू ऱ्हा मग. शेजारची पोर आणंल गौर."

इथे माझं पाणी पाणी झालं. कारण काकी ओरडल्या की ते वाऱ्यावर जातं, पण शांत बोलल्या की तसंच होतं. आई मला आत ओढून घेऊन गेली. "एक दिवस काढ ना गो. एक तासाचा तर प्रश्न हाय. मग वर्षभर घाल काय घालायचं ते."

खरंच एक तासाचा प्रश्न होता. काढला असता तर कुणाचं काही गेलं नसतं. पण मला एवढं कळत होतं की आज काढला तर मी आपणहून कबूल केलं की हे घाण आहे, देवासमोर न नेण्यासारखं आहे. मग उद्या लग्नात काढ, परवा बघायला आले की काढ. मी म्हटलं, नाही. आणि आतल्या खोलीत जाऊन बसले आणि हो, रडले, पण टोप घालूनच रडले.

तेवढ्यात बाहेर काकींचा आवाज. "अगो बाय बाय बाय!"

काय झालं होतं, तर काकींनी गौरीची पत्र्याची ट्रंक उघडली होती. मुखवटा नीट, दागिने नीट, साडी नीट. पण गौरीचं गंगावन उंदरांनी कुरतडून त्यात घर केलं होतं. गंगावन म्हणजे पूर्वीच्या बायका वेणीत जोडायच्या तो केसांचा झुपका. आमच्या गौरीच्या पाठीवर दर वर्षी त्याचीच लांब वेणी सोडतात, वर अबोलीचा गजरा. लहानपणापासून बघते मी ती वेणी! आणि माझ्या डोक्यात कधी म्हणजे कधीच आलं नव्हतं की गौर पण तेच करते जे मी करते.

महाडला जाऊन दुसरं आणायला वेळ नव्हता. हायवे चाकरमान्यांच्या गाड्यांनी भरलेला. आणि बोडकी गौर बसवायची? ते काकींना मरेपर्यंत जमलं नसतं.

आई आत आली. हळू आवाजात, "काकी म्हणतायत, तुझं ते लांबवालं..."

"काकींना लागतंय ना? मग काकींनी मागावं."

मला वाटलं आता थोबाडीत बसणार. पण आई गेली. आणि काकी आल्या! दारात उभ्या राहिल्या, आत नाही आल्या.

"देतेस का?"

"देते. पण गौर मी आणणार. आणि हाच टोप घालून आणणार."

"गौरीशी सौदा करतेस व्हय गो?"

"गौरीशी नाही. तुमच्याशी."

खरं सांगू? त्या नाही म्हणाल्या असत्या तरी मी केस दिलेच असते. गौरीला कसं नाही म्हणणार? पण हे त्यांना माहीत नव्हतं आणि मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. त्यांनी कमरेला पदर खोचला. मग म्हणाल्या, "चल. उशीर होतोय."

आता यातली गंमत ऐका. आमच्याकडे पऱ्यावर पूजा झाली की सूप घेणाऱ्या मुलीने तोंडात पाण्याची चूळ धरायची. उंबऱ्यापर्यंत ती सोडायची नाही, गिळायची नाही. म्हणजे बोलायचं नाही, हसायचं नाही, मागे वळायचं नाही. पाणी गेलं तर परत पऱ्यावरून सुरुवात. मी! जिला दोन मिनिटं गप्प बसता येत नाही!

आणि वाटेवर सगळं गाव.

"गो बघ गो, कोंबड्याचा तुरा चालला!"

"गौर कुठली आन टोपवाली कुठली, कळत नाय!"

"काकी, पोरीचं डोकं तापलंय का, लाल झालंय!"

माझ्याकडे प्रत्येकाला उत्तर तयार होतं. एकेकाला दोन दोन. आणि गाल पाण्याने फुगलेले. मी फक्त मान ताठ केली आणि चालत राहिले, आणि एक कळलं, की उत्तर मिळालं नाही की माणसं तिसऱ्या वाक्याला थकतात.

पण वळणावरच्या चढाला घात झाला. घाम आलेला, आणि टोप सरकायला लागला. आधी डावीकडून, मग कपाळावर, मग एका डोळ्यावर. हात दोन्ही सुपाला. बोलता येत नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब वीस पावलं. आता हा पडणार, गौरीच्या पुढ्यातच पडणार, आणि मग जन्मभर हीच गोष्ट सांगणार गाव.

काकी घंटा घेऊन बाजूने चालत होत्या. त्यांनी घंटा आईच्या हातात कोंबली. आपल्या अंबाड्यातला आकडा ओढून काढला, दातात धरला, दोन्ही हातांनी माझा टोप मागे खेचून बसवला आणि आकडा असा खुपसला की डोळ्यांतून पाणी आलं. तोंडातलं नाही आलं!

"नीट बसवायची तरी अक्कल पायजे," काकी पुटपुटल्या. त्यांचा अंबाडा सुटून पाठीवर आला होता. तसंच केस मोकळे सोडून त्या घरापर्यंत चालल्या. काकींना कोण बोलणार?

उंबऱ्यावर पायांवर दूध-पाणी घातलं, मी तुळशीत चूळ टाकली, आणि आत जाऊन गौरीला माझ्या केसांची वेणी मीच घातली. क्लिपा तेरड्याच्या काड्यांना काय छान बसल्या म्हणून सांगू!

"हे गौरीसाठी केलं मी. तुझ्यासाठी नाय," काकींनी रात्रीच्या आरतीआधी मला बजावलं. मी म्हटलं, "बरं."

विसर्जनाला तेरडा गेला, मुखवटा राहिला. काकी ट्रंक भरत होत्या आणि माझे केस कागदात गुंडाळून आत ठेवले. ठेवले म्हणजे झाकणच लावायला निघाल्या!

"काकी, माझे केस."

"गौरीला लागलं ते आता गौरीचं. माणसानं कसं घालायचं?"

"मग साडी?"

आमच्यात गौरीची साडी नंतर घरातल्या बाईने नेसायची असते, प्रसाद म्हणून. यंदाची आईला मिळाली होती, आणि आई त्याच वेळी ती नेसून तिथे उभी होती.

काकींनी साडीकडे बघितलं. आईने उगाच पदर नीट केला. काकींनी ट्रंकेत हात घालून पुडी काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. "धुवू नको लगेच. आन पुढच्या साली वेळेवर घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी दुकानात तेच लांब केस लावून गेले. अजून कुठेतरी कुंकू चिकटलेलं होतं आणि अगरबत्तीचा वास येत होता. पहिलंच गिऱ्हाईक, बिरवाडीची बाई, फ्रेमा बघता बघता माझ्याकडेच बघत राहिली.

"खरे हायत का गो?"

"नाही, लावलेत," मी म्हटलं. "ही गोल बघा, तुम्हाला शोभेल."