उसना आणलेला दोर

आमच्या भागातल्या दूध संघाने मिलिंदला फसवलं. त्यामुळे मिलिंदने गयाबाईला दिलेला शब्द खोटा पडला. आणि ज्या पाटीचा आधार घेऊन संघाने फसवलं, ती पाटी माझ्या पेंटरने, माझ्या दुकानात, माझ्या सांगण्यावरून रंगवली होती. हे आधीच लिहून टाकतो. गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं चांगलं लिहीत बसतात आणि मुद्दा राहून जातो.

मिलिंदला जाऊन सात आठवडे झाले. फोन आला तेव्हा मी बीडच्या दुकानात मांजरसुंब्याच्या एका ढाबेवाल्याशी बाकड्यांचा सौदा करत होतो. फोन मिलिंदच्या बायकोचा, सुनंदाचा. ‘भाऊजी, हे गेले. स्टँडवर बसले होते, अंबाजोगाईच्या गाडीची वाट बघत…’ मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला. ढाबेवाला म्हणाला, ‘मग शेवटचं बोला, शेठ.’ मी शेवटचं बोललो. त्याला माझ्या भावावर आणला, चहा पाजला, वाटेला लावला आणि मग शटर ओढलं. अशा वेळी हातपाय गळतात, रडू येतं, असं ऐकलं होतं. मला तसं काही झालं नाही. अजून झालेलं नाही. स्टँडकडे जाताना एवढंच मनात आलं की तिथलं बाकडं त्याला कधी पसंत नव्हतं. बैठक मागे उतरती आहे, म्हाताऱ्या माणसाला उठता येत नाही, हे त्याने मला कमीत कमी दहा वेळा सांगितलं होतं.

मिलिंद घाटनांदूरचा. छप्पनच्या पाठोपाठ आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात शिक्षणाचं वेड. वडील शाळेत शिपाई. घरात खुर्ची एकच, तीही पाहुण्यांसाठी. वडील तीवर बसलेले त्याने कधी पाहिले नाहीत. पोरगा अहमदाबादला गेला आणि औद्योगिक डिझाइन शिकून आला. हे काय असतं ते इकडे कुणाला सांगून कळत नसे. वडील सांगायचे, ‘पोरगं इंजिनेर हाय. खुर्च्यांचा इंजिनेर.’ ते नाव आम्ही उचललं. मी स्वतः सातवी नापास. मांजरसुंब्याला ट्रकमधून उतरलेल्या मालाच्या लाकडी पेट्या फोडायच्या आणि त्या फळ्यांचे पाट, स्टुलं करून विकायची, असं करत मी दुकानापर्यंत आलो. मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. हा पहिल्यांदा दुकानात आला आणि न विचारता माझी एक खुर्ची उलटी करून तिच्याकडे बघत उभा राहिला.

‘कावून उलटी केली बे?’ मी ओरडलो.

‘शेठ, वरून सगळ्याच खुर्च्या चांगल्या असत्यात,’ तो म्हणाला. ‘खालून बघावी लागती. इथं सांधा न्हाई, नुसते खिळे हाईत.’

मी त्याला बाहेर काढला. रात्रभर राग गेला नाही. सकाळी मीच ती खुर्ची उलटी केली. खिळे होते… पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, तेव्हा चहा मागवला. तिथून पुढे एकोणीस वर्षं त्याने काढायचं आणि मी बनवायचं, असं चाललं. प्रत्येक कामावर आम्ही भांडलो. लाकूड कमी लागावं म्हणून मी भांडायचो आणि बऱ्याच वेळा त्याचंच काढलेलं कमी लाकडात व्हायचं. तेव्हा मी आणखी भांडायचो.

संघाचं पहिलं काम ओसरीवरच्या बाकांचं. दूध घालायला आलेल्या बायका दुधाची फॅट मोजून होईपर्यंत तिथे ताटकळायच्या. अध्यक्षांना दवाखान्यात असतात तशा लोखंडी खुर्च्यांच्या रांगा पाहिजे होत्या. मिलिंदने चार दिवस टेप खिशातून काढला नाही. ओसरीवर विटा रचायचा, वर फळी टाकायचा आणि म्हणायचा, ‘मावशी, बसा. आता उठा.’ मग एक वीट वाढवायचा. ‘आता बसा. उठा.’ बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एकजण म्हणाली, ‘मेला उठाबशा काढायला लावतोय, मास्तरावानी.’ मला त्या चार दिवसांची मजुरी दिसत होती. मी त्याला बाजूला घेऊन झापलं. तो म्हणाला, ‘बसायला काय, माणूस दगडावर बी बसतो, शेठ. गुडघ्याला हात न लावता उठता आलं पाहिजे. ते टेप सांगत न्हाई.’ शेवटी बाक झाला तो मी धरलेल्या उंचीपेक्षा दीड विटेने उंच, बैठक अरुंद, पुढची कड गोल. शेजारी गुडघ्याच्या उंचीवर एक फळी, दुधाची किटली ठेवायला, म्हणजे ती उचलताना वाकायला नको. पहिला नमुना माझ्या दुकानात राहिला. अजून आहे.

दुष्काळ आमच्याकडे येतो असं म्हणणं चूक आहे. तो मधूनमधून कुठेतरी जातो, एवढंच. पण ते साल खरंच वाईट होतं. जनावरं छावणीत, दूध निम्म्यावर, गावोगाव टँकर. त्याच उन्हाळ्यात संघाला पंचवीस वर्षं झाली आणि अध्यक्षांनी पाण्यावर प्रदर्शन भरवायचं ठरवलं. त्यांच्या डोळ्यांपुढे नकाशे, तक्ते आणि स्वतःचे फोटो होते. काम मिलिंदला दिलं, सुतारकी मला. मिलिंद माझी मोटारसायकल घेऊन तीन आठवडे खेडोपाडी फिरला आणि विहिरींचे दोर गोळा करून आला. मी म्हटलं, ‘इंजिनेर, प्रदर्शनात दोर? लोकं हसतील.’ त्याने एक दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘डोळे मिटा आणि सरकवत जा.’ दर दहा-पंधरा हातांवर गाठ लागत होती. पाणी खाली गेलं की त्या साली दोराला तुकडा जोडायचा. एक गाठ, एक दुष्काळ. आधी अंबाडी, मग काथ्या, मग नायलॉन… ‘दुष्काळ डोळ्यांनी सगळ्यांनीच बघितलाय,’ तो म्हणाला, ‘हातानं बघू द्या.’

त्याने तेवीस घरांतून तेवीस दोर आणले होते. विहिरी आटलेल्या, दोर खुंटीलाच होते, तरी सहज कुणी दिले नाहीत. सगळ्यांत लांब दोर गयाबाईचा. घाटनांदूरच्या अलीकडे तिची वस्ती. तिच्या दोराचा शेवटचा तुकडा म्हणजे कासरा होता. बैल विकला, कासरा राहिला, तो तिच्या नवऱ्याने दोराला जोडला आणि आठ दिवसांनी तो ऊसतोडीला गेला. तिकडे ताप निघाला आणि तिकडेच गेला. ती गाठ त्याच्या हातची. गयाबाई मिलिंदला म्हणाली होती, ‘दोर नेतूस तर ने. पर गाठ सोडू नगंस. आन मिरगाच्या आधी माझ्या खुटीला आनून लाव.’ मिलिंद ‘लावतो’ म्हणाला. तो एक दोर मोटारसायकलवर मावला नसता म्हणून मागाहून टेम्पो घेऊन मी बरोबर गेलो होतो, शेजारीच उभा होतो.

त्याची रीत अशी की वस्तूचं नाव लिहायचं नाही. दोर हा दोर आहे हे आंधळ्यालाही कळतं, म्हणायचा. कुणाचा आहे तेवढं लिहा. तेवीस नावांची यादी त्याने मला दिली. मी नेहमीचा पेंटर धरला. संघाच्या मोठ्या बोर्डाच्या कामात ह्या लहान पाट्या फुकट करून घेतल्या. माझ्या तशा सवयी आहेत. त्याला एवढंच सांगितलं, ‘नावं नीट लिही, मान राहिला पाहिजे माणसांचा.’ ह्या पेंटरने उभ्या जन्मात देवळातले पंखे, शाळांतली घड्याळं आणि पाण्याच्या टाक्या रंगवलेल्या. वस्तूवर माणसाचं नाव आलं की त्याच्या आधी काय लिहायचं हे त्याच्या हातालाच माहीत. त्याने तेवीस पाट्यांवर लाल अक्षरांत ‘सप्रेम भेट’ लिहिलं आणि खाली नाव. मी पाट्या बघितल्या. खरं सांगतो, मला त्या आवडल्या. भरल्याभरल्या वाटल्या.

मिलिंदने त्या बघितल्या उद्घाटनाच्या सकाळी, दोरांना बांधल्यानंतर. तो रागावत नसे. त्याचा चेहरा नुसता सपाट व्हायचा. ‘शेठ, ही भेट न्हाई,’ तो म्हणाला. ‘हे उसनं हाय.’ माझ्या पेटीतली पटाशी घेऊन तो ती अक्षरं खरवडायला बसला. चार पाट्या झाल्या असतील. फाटकातून पाहुण्यांच्या गाड्या आत आल्या, हार घेतलेली माणसं पळायला लागली. पटाशी मी त्याच्या हातातून काढून घेतली. म्हटलं, ‘चांगलं दिसतंय का हे, खरवडलेलं? लोक गेले की काढू.’ त्याने हातातली पाटी सोडली. मग हात झटकून उठला… गुडघ्याला हात लावून उठला.

प्रदर्शन मात्र असं झालं की तसं मी पुन्हा पाहिलं नाही. दोर सभागृहात कमरेच्या उंचीवर, ह्या खांबावरून त्या खांबावर नेलेले. लोकांनी दोराला हात लावून चालायचं. गयाबाईचा दोर सभागृहात मावला नाही. तो दारातून बाहेर, ओसरीवरून, पार लिंबाच्या झाडापर्यंत गेला होता आणि शेवटी तिचाच पोहरा, रिकामा. बडबड करत आत आलेली माणसं तिसऱ्या गाठीपर्यंत गप्प व्हायची. माझं लक्ष एका रिटायर्ड मास्तरांकडे होतं. ते कासऱ्याच्या गाठीपाशी थांबले आणि मागची माणसं खोळंबली तरी हलेनात. मिलिंद मागे भिंतीला टेकून उभा होता आणि लोकांच्या तोंडाकडे न बघता त्यांच्या पायांकडे बघत होता. ‘कुठं थांबतात ते कळलं म्हणजे प्रदर्शन कळलं,’ असं तो मागे कधीतरी म्हणाला होता.

पाहुण्यांनी भाषणात दोरांचं कौतुक केलं आणि तिथे घात झाला. अध्यक्षांनी दोर कायमचे सभागृहात ठेवायचं जाहीर करून टाकलं. मृगाच्या आठ दिवस आधी मिलिंद आणि मी दोर न्यायला गेलो. अध्यक्षांनी शिपायाला पाटी आणायला लावली, टेबलावर ठेवली. ‘वाचा, इंजिनेर. सप्रेम भेट. भेट कुणी परत मागतं का?’ मिलिंदने शांतपणे सगळं सांगितलं, पेंटरचं, घाईचं, गयाबाईच्या नवऱ्याचं. अध्यक्ष ऐकत होते. कदाचित ऐकलंही असतं. पण ते हसून म्हणाले, ‘म्हातारीला नवा दोर घेऊन द्या ना, शेठ, एवढा कळवळा हाय तर,’ आणि माझं टाळकं सरकलं. त्यांच्याच केबिनमध्ये, त्यांच्याच माणसांसमोर मी त्यांना चोर म्हणालो. आणखीही म्हणालो. आयुष्यभर भाव मी आवाज चढवून पाडलेत. तिथे आवाज उतरवायचा होता, ते मला कळलं नाही. त्यांनी आम्हाला फाटकाबाहेर काढलं. पुढे दोन वर्षांत संघच बसला. सभागृहाला कुलूप लागलं, आत दोर. अध्यक्ष आता दुसऱ्या एका संस्थेवर आहेत, आणि त्या कुलपाची किल्ली त्यांच्याच माणसाकडे आहे हे गावाला माहीत आहे.

मिलिंद दर उन्हाळ्यात एक अर्ज टाकायचा. उत्तर यायचं नाही. बाकीच्या बावीस घरांत तो नवा दोर घेऊन गेला, माफी मागितली. काहींनी घेतला, काहींनी दार लावलं. गयाबाईकडे तो तीनदा गेला. ती दोर हातात घ्यायची, सरकवून बघायची आणि परत द्यायची. ‘ह्याला गाठच न्हाई. हा माझा न्हाई.’ शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तो म्हणायचा. मला मात्र तो एकदाही म्हणाला नाही की शेठ, पाटी तुमची. मी वाट बघायचो, म्हणेल म्हणून. भांडून मोकळा झालो असतो. शेवटचा भेटला तो जायच्या चार दिवस आधी. दुकानात आला, एक नवी खुर्ची उलटी केली, सांधा बघितला, ‘बरं हाय’ म्हणाला. मग म्हणाला, ‘गयाबाईचा पाय मोडलाय म्हनं. जाऊन येतो एकदा.’ ज्या गाडीची तो वाट बघत बसला होता, ती तिच्याच वस्तीकडे जायला धरावी लागते.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाला मंडपात बसलो होतो. भंतेजींचं सांगून झालं, लोक उठायला लागले, तेव्हा गयाबाई दिसली. पायाला पट्टी, हातात काठी, नातवाच्या खांद्याचा आधार. तिने मिलिंदच्या फोटोला फूल वाहिलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

‘त्यो होता तर त्याला इचारत होते,’ ती म्हणाली. ‘आता कुनाला इचारू, शेठ?’

भाव करताना माझं तोंड कधी थांबलेलं नाही. तिथे थांबलं. ती नातवाचा खांदा धरून गेली.

घरी न जाता मी दुकानात आलो. तो नमुन्याचा बाक मागच्या भिंतीला आहे. त्यावर मी पावत्यांची खोकी रचून ठेवली होती. ती खाली काढली आणि बसलो. इतक्या वर्षांत मी त्यावर बसलोच नव्हतो. विकायचा माल म्हणूनच बघत आलो. बसलो, उठलो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. गुडघ्याला हात लावावा लागला नाही. रडू आलं नाही. बाक उलटा करून बघितला. सांध्यांत एक खिळा नाही.

हे पेपरात छापून येईल त्यानंतरच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, मी संघाच्या फाटकासमोर येतोय. गयाबाई येणार आहे, तिच्याशी बोललोय. हा बाक टेम्पोत घालून आणतो, तिला उभं राहायला लागणार नाही. ओरडणार नाही, तेवढं कबूल करतो. माजी अध्यक्षांनी किल्ली घेऊन यावं. किल्ली हरवली असेल तर ते तिच्या तोंडावर सांगावं. दोर उंदरांनी खाल्ला असेल तर कासऱ्याची गाठ तेवढी शोधून आणावी. ‘सप्रेम भेट’ तिच्या नावावर कुणी लिहून घेतलं, ते तिला मी सांगेन. तिचा दोर कुठे आहे, हे त्यांनी सांगायचं.