शुक्रवारचा कातळ

जगाला सुट्टी रविवारी, भिवंडीच्या लूमना, म्हणजे यंत्रमागांना, शुक्रवारी. ज्यांचे सगेसोयरे बाहेरगावी आहेत त्यांची त्यामुळे कायमची पंचाईत होऊन बसते. इकडचा मोकळा तेव्हा तिकडचा कामावर. मुदस्सिरची पंचाईत जरा निराळी होती. त्याचं नातं जडलं होतं एका कातळाशी, आणि त्या कातळावर चढायला माणसं यायची ती रविवारी.

मुदस्सिर नारपोलीतल्या एका कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेला लूम चालता करणारा माणूस. वय पन्नाशीला टेकलेलं. सारा जन्म त्या खडखडाटात गेल्यामुळे त्याला हळू बोललेलं ऐकू यायचं नाही, आणि मुद्दाम मोठ्याने बोलावं असं त्याच्याशी कोणाचं काही काम नसे. लग्न जमलं नव्हतं, पुढे पुढे जमवणारेही थकले. खाली भावाचा संसार, वर याची खोली. पुतणी अदीबा संध्याकाळी जिन्यात ताट ठेवायची, "चाचा, खाना" म्हणून हाक मारायची आणि वर न बघता खाली पळायची. घरच्यांशी दिवसाचा व्यवहार तेवढाच.

शुक्रवारी मात्र पहाटेची फजरची नमाज झाली की तो मोटारसायकल काढायचा. अकलोलीच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक पाडा आहे. पाड्याच्या मागे आनंदीबाईंचं शेत, आणि शेतापलीकडे चारमजली इमारतीएवढा काळा कातळ. पायथ्याशी शेंदूर लावलेला वाघोबा. तरुणपणी मुदस्सिर आणि त्याचा दोस्त देवेश यांनी हा कातळ शोधून काढला होता. सुट्टीच्या दिवशी दोघं हाताने हातोडा मारून त्यात बोल्ट बसवायचे आणि त्यांत दोरी अडकवून वर चढायचे. एक चढणार, दुसरा खाली दोरीचं टोक धरून उभा राहणार. देवेशच्या वडिलांचे लूम भंगारात गेले आणि ते घर सुरतेला निघून गेलं. दोरी मुदस्सिरकडे राहिली. पण तिचं दुसरं टोक धरायला कोणी राहिलं नाही, आणि त्यानंतर तो एकदाही कातळ चढला नाही.

तरी जायचा. मागच्या पायवाटेने माथ्यावर जाऊन दोरीवरून खाली उतरता येतं, ते एकट्याला जमतं. तसं उतरत तो एकेक बोल्ट ठोकून बघायचा. ढिला असला की आवळायचा, गंजला असला की बदलायचा. पावसाळ्यानंतर पायवाटेवरचं रान कापायचा. त्याला कोणी नेमलं नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं. एका वर्षी त्याला कातळावर पांढरे हात उमटलेले दिसले. ठाणे-डोंबिवलीकडच्या पोरांना कातळाचा पत्ता लागला होता. ती घाम टिपायला हाताला चॉकची पूड लावून चढत, आणि रविवारचे हात शुक्रवारपर्यंत तसेच राहत.

वाघोबाच्या डोक्यावर हे पांढरं पांढरं आनंदीबाईंना खपत नव्हतं. म्हणून मुदस्सिर ब्रशने सगळं घासून काढायचा. पण घासण्याआधी तो एक चाळा करायचा, जो पाहून कोणीही त्याला वेड्यात काढलं असतं. प्रत्येक ठशावर तो आपला हात ठेवून बघायचा. एक ठसा म्हणजे चांगला मोठा पंजा होता, तो गडी नेहमी डावीकडून चढायचा. एक हात लहान होता, त्याची करंगळी बाहेरच्या अंगाला वाकडी. हा वाकड्या करंगळीचा हात आधी तिसऱ्या बोल्टपाशी संपायचा. दिवाळीनंतर तो पाचव्याला पोचला, तेव्हा मुदस्सिरला इतका आनंद झाला की त्याने परतताना मिठाई घेतली आणि घरी कोणाला द्यायची, काय सांगून द्यायची, ते न सुचल्याने एकट्यानेच खाल्ली.

पोरं बिस्किटांचे कागद टाकून जात, ते तो उचलायचा. काही विसरून गेली तर ती वस्तू पिशवीत घालून आंब्याच्या फांदीला टांगून ठेवायचा. एकदा बाटली, एकदा टोपी, एकदा एकाच पायाचा बूट. पुढच्या शुक्रवारी पिशवी गेलेली असायची. त्याच्या आयुष्यातला पत्रव्यवहार तो एवढाच. पोरांना वाटायचं, पाड्यातलं कोणीतरी टांगत असेल. याने त्यांना कधी बघितलं नव्हतं, आणि हा कोणी आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

आनंदीबाईंच्या शेताला काट्यांचं कुंपण होतं आणि वाटेवर फाटकासारखी बांबूची ताटी. भात निघालं की त्या शेतात वाल लावायच्या. ताटी सुंभाने बांधलेली असे. पावसाळ्यात कुजलेला सुंभ जानेवारीत तुटला, म्हणून मुदस्सिरने कारखान्यातून बारीक, चिवट दोरी आणली आणि ताटी बांधून टाकली. बांधताना हाताने आपसूक लूमवरची गाठ मारली. तुटलेला धागा जोडायची ती गाठ अगदी बारकी, ताण बसेल तशी आवळणारी. कुठे दाबलं की ती ढिली होते हे त्याच्या अंगठ्याला ठाऊक. दुसऱ्या कोणाच्या अंगठ्याला ते ठाऊक असण्याचं कारण नाही, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

पुढच्याच शुक्रवारी तो पोचला तर ताटी आडवी पडलेली, आणि शेतात वालाचे नुसते बुडखे. आनंदीबाई बांधावर बसल्या होत्या. त्यांचा दीर विठू हातात कोयता घेऊन बाभळीच्या फांद्या ओढून आणत होता.

"म्हशी शिरल्या," आनंदीबाई म्हणाल्या. "समदा वाल खाल्ला. शेंगा भरल्या व्हत्या रं."

"त्या ऐतवारच्या पोरांनी दोरी कापली," विठू म्हणाला. "आता वाट बंद. काटे टाकतो हितं. कोन येतो ते बघतोच."

मुदस्सिरने खाली वाकून दोरी उचलली. चाकूने कापलेली होती. पण गाठ शाबूत होती. ती त्याच्या तळहातावर आली आणि त्याला दरदरून घाम फुटला.

"तू नको घाबरू," आनंदीबाई म्हणाल्या. "तुला कोन आडवनार? तू घरचा. तू परसातनं ये. त्यांना न्हाय."

तो माथ्यावर गेला. उतरायची दोरी खाली न सोडता तसाच बसून राहिला. गप्प बसलं तर काय बिघडणार होतं? कातळ त्याचाच, वाट त्याची, ना कागद उचलायचे ना चॉक घासायचा. पण मग येऊन करायचं काय? कोणासाठी बोल्ट आवळायचे? पुढच्या शुक्रवारी कातळ काळाच्या काळा असेल, त्याच्या पुढच्याही. ती वाकडी करंगळी सहाव्या बोल्टला पोचली की नाही हे त्याला कधीच कळणार नाही. त्याला एकदम रडूच आलं. आणि पन्नाशीचा माणूस एका अनोळखी करंगळीसाठी रडतोय याची लाजही वाटली.

तो खाली उतरला आणि बांधावर जाऊन उभा राहिला.

"मावशी, पोरांनी कापली ती सुटली न्हाय म्हणून. गाठ मी मारली होती. लूमवरची. ती दुसऱ्याला सुटत न्हाय."

विठू कोयता खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. "मंग असली मारलीस कशाला? आमी काय इथं लुगडी इनतो?"

आनंदीबाईंनी वालाचा एक बुडखा उपटून हातात घेतला. त्यांच्या वर्षाच्या आमटीचा वाल गेला होता, आणि तो गेला याच्यापायी. मुदस्सिरला वाटलं, आता आपलीही वाट गेली.

"कुंपन तू नीट करून दे," त्या शेवटी म्हणाल्या. "आन त्या पोरांना माझ्या वट्यावर आन. ज्यांची तोंडं मी बघितली न्हाईत त्यांना वाट कशी देऊ? तोंडं दाखवली, बोलली-चालली, तर बघू. न्हायतर काटे."

"ती ऐतवारी येतात. मला ड्युटी असते."

"मंग कर ड्युटी," आनंदीबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या.

कुंपण त्याने त्याच सकाळी दुरुस्त केलं. दुपारची जुम्याची नमाज त्यापायी हुकली. रविवारचा खाडा मागायला तो कारखान्याचे शेठ नूर मोहम्मद यांच्यापुढे उभा राहिला, तेव्हा त्यांना वाटलं घरात कोणीतरी वारलं. असल्या माणसाला दुसरं काय कारण असणार? "नाही, पाहुणे आहेत," मुदस्सिर म्हणाला. "तुझ्याकडे? पाहुणे?" शेठना हसू आवरेना. पण खाडा दिला. "एकच हां. हर इतवार का धंदा मत बना."

रविवारी तो ताटीपाशी उजाडल्यापासून उभा होता. धुतलेला सदरा घातला होता, दाढी नीट केली होती. ऊन वर आलं तेव्हा दोन गाड्या थांबल्या आणि पाठीवर पिशव्या घेतलेली सहा-सात जणं उतरली. बोलत, हसत, एकमेकांच्या अंगावर पडत. कुठला पंजा कोणाचा, हे मुदस्सिर लांबूनच ओळखू बघत होता.

"काका, तुम्ही इथले रखवालदार का?" पुढच्या मुलीने विचारलं. सुकन्या तिचं नाव, नंतर कळलं.

इतक्या वर्षांचे शुक्रवार उलगडून सांगावेत असं त्याच्या मनात आलं होतं. तोंडातून निघालं, "हो."

त्याने त्यांना वालाचं शेत दाखवलं. सुकन्याचा चेहरा उतरला. "आम्हीच कापली. गाठ सुटेचना. जाताना ताटीला दगड लावला होता, तो सरकला असणार. कोणी मारली होती अशी गाठ?"

"मीच," मुदस्सिर म्हणाला.

मग सगळे आनंदीबाईंच्या ओट्यावर जाऊन बसले. आनंदीबाईंनी एकेकाचं नाव, गाव, आईबाप विचारले. एकाचं आजोळ पडघ्याचं निघालं तशी त्यांची चर्या जरा मऊ झाली. त्यांनी बजावलं: येताना ओट्यावर तोंड दाखवायचं, ताटी लावायची, वाघोबाच्या वरचं पांढरं घासून काढायचं, इथे काही म्हणजे काही मागे ठेवून जायचं नाही. हे शेवटचं मुदस्सिरने पुढे सरसावून आणखी दोनदा सांगितलं. पोरं मन लावून ऐकत होती. ताटीला त्याने या वेळी स्कूटरच्या जुन्या ट्यूबचं कडं केलं होतं, एका हाताने काढावं, एका हाताने घालावं असं.

"काका, पुढच्या रविवारपासून सगळं आम्ही बघू," सुकन्या म्हणाली. "तुम्ही अगदी बिनघोर राहा." आणि तिने बिस्किटांचा पुडा त्याच्यापुढे धरला. पुड्यावरची करंगळी बाहेरच्या अंगाला वाकडी होती.

तो बघतच राहिला. ह्या हातावर त्याने किती वेळा आपला हात ठेवला होता. सांगावं का? काय सांगणार होता? एवढ्या पोरीला म्हाताऱ्याने असलं काही सांगितलं तर ती बिचारी घाबरून दोन पावलं मागेच सरली असती. त्याने एक बिस्किट घेतलं.

"तुम्हीपण चढता का?" पंजेवाल्या पोराने विचारलं.

"चढायचो आधी," मुदस्सिर म्हणाला. पण पोरगा तोवर मान वर करून कातळाकडे बघायला लागला होता, आणि उत्तराला कोणी पुढचा प्रश्न जोडला नाही.

तो थोडा वेळ आंब्याखाली उभा राहिला. सुकन्या सहाव्या बोल्टला पोचली. खाली एकाने तिची दोरी धरली होती. वरून ती ओरडली तेव्हा खालच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुदस्सिरनेही वाजवल्या, जरा लांबून. मग तो घरी गेला.

पुढच्या शुक्रवारी तो आला, तेव्हा ताटीला कडं नीट बसवलेलं होतं. आनंदीबाई ओट्यावर नवं बियाणं निवडत होत्या. "गुनाची पोरं हायत," त्या म्हणाल्या. "मला हाका मारून गेली. विठूला पन काटं काढायला लावलं."

मुदस्सिर वर गेला. पायवाट झाडलेली होती. त्याने गवतात बघितलं, दगडांच्या फटींत बघितलं. एक कागद नव्हता. आंब्याखाली बाटली नाही, टोपी नाही. कातळ तर असा घासला होता की वाघोबाच्या वर काय, उजव्या-डाव्या अंगालाही पांढरा ठिपका नव्हता. माथ्यावरून उतरताना त्याने बोल्ट बघितले. तेसुद्धा कोणीतरी नुकतेच आवळले होते. ब्रश पिशवीतून बाहेर काढायची वेळच आली नाही.

हे सगळं त्यानेच सांगितलं होतं. काही म्हणजे काही मागे ठेवायचं नाही. पोरांनी शब्द पाळला होता, वाट उघडी राहिली होती, त्याला हवं तेच झालं होतं. आणि ह्या कातळापाशी इतकं एकटं त्याला देवेश गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

तो कातळाला पाठ लावून बसला. खाली आनंदीबाई कोणाला तरी हाक मारत होत्या. नमाजेची वेळ गाठायची तर निघायला हवं होतं. पिशवी बांधताना तळाशी चढायच्या दिवसांतली त्याची स्वतःची चॉकची थैली हाताला लागली. इतक्या पावसाळ्यांत आतल्या पुडीची ढेकळं झाली होती. त्याने एक ढेकूळ अंगठ्याने फोडलं, दोन्ही तळहातांना चोळलं आणि वाघोबापासून लांब, जिथून ती वाकडी करंगळी चढायला सुरुवात करायची, तिथे आपला उजवा पंजा कातळावर दाबून धरला.

हात काढला. पाची बोटं स्वच्छ उमटली होती. ब्रश पिशवीतच ठेवून त्याने ठसा तसाच राहू दिला आणि खाली येऊन ताटीला कडं घातलं.